पडद्यामागून पाहिलेलं पान

आमच्या मायनं तीन उन्हाळ्यांत जितके बोलपट पाहिले तितके माझ्या कॉलेजातल्या कुणी पाहिले नसतील. ते सगळे तिनं मागून पाहिले.

हे आधी सांगतो, कारण पुढे जी चूक झाली ती यातूनच झाली, आणि ती तिची नव्हती.

उन्हाळा लागला की शहाद्याला तंबूतला सिनेमा यायचा. लोणखेड्याच्या अंगाला एका गुजर शेतकऱ्याचं रान होतं. कापूस उपटून झाला की ते रिकामं पडे, त्यात तंबू उभा राही. पाऊस यायच्या आत तंबू गुंडाळून मंडळी निघून जात. तंबूचे मालक नाशिककडचे. त्यांच्याबरोबर मशीन चालवणारा ऑपरेटर, इंजिनवाला, दारावरचा माणूस, बैलगाडीत बसून ढोल वाजवत जाहिरात करणारे दोघे, असे मिळून आठ-नऊ जण. त्यांचं दोन वेळचं जेवण माय करायची. तिची चूल कनातीच्या आत, पडद्याच्या अगदी मागं होती, कारण वारा तिथंच कमी लागायचा.

पडदा म्हणजे पांढरं कापड. खेळ सुरू होण्याआधी त्यावर पाणी मारत, म्हणजे चित्र चांगलं उठतं असं ऑपरेटर म्हणे. ओल्या कापडातून ते मागच्या बाजूलाही उठायचं, आणि भोंगा मागंच असल्यामुळे ऐकू तर पुढच्यांपेक्षा आम्हालाच जास्त यायचं. माय भाकरी थापता थापता बघायची. शाळेत होतो तेव्हा मीही तिच्याजवळ बसून बघायचो. पाटी दाखवावी तशी सुरुवातीला नावं यायची, ती उलटी दिसत. उलटी अक्षरं वाचायची मला इतकी सवय झाली की त्याचा मला अभिमान वाटायचा.

मायला वाचता येत नव्हतं. तिला खटकायची ती वेगळीच गोष्ट.

"सगळा राजा डावा हातना शेतस," ती पहिल्याच वर्षी म्हणाली. "तलवार डावा हातमा, घासबी डावा हातमा. यास्ना मायनी यास्ले काही शिकाडं नही का?"

मी तिला समजावून सांगितलं की आपण मागून बघतो म्हणून तसं दिसतं. ती म्हणाली, "तू म्हनस तर व्हई," आणि भाकरी उलटली. तो विषय तिथंच संपला. तिचा संपला तसा माझ्याही डोक्यातून गेला, हेच पुढे नडलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील कापसाच्या जिनात होते. शाळेच्या हेडमास्तरांनी धरून बसवलं म्हणून मॅट्रिक झालो आणि सुरतेला गेलो. पहिलं वर्ष करून सुटीला आलो तेव्हा नंदुरबारला गाडीतून उतरलो, प्रकाशा गावाशी तापी ओलांडली आणि घरी न जाता आधी तंबूकडेच गेलो, कारण माय तिथं असणार हे ठाऊक होतं. सुरतेत पक्की थिएटरं होती. मी एकदाही गेलो नाही. तिकीट काढून पुढच्या बाजूला बसायचं, हे मला काही तरी दुसऱ्या लोकांचं काम वाटायचं. सोबतचे बोलवायचे, मी अभ्यास सांगायचो. खरं कारण मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मालक एका संध्याकाळी चुलीपाशी येऊन उभे राहिले. तंबू उठायच्या आधी गावातल्या मंडळींना एक पार्टी द्यायची त्यांच्या मनात होतं. 'पार्टी' हा शब्द ते दोनदा म्हणाले. मुंबईत एका थिएटरवाल्यानं अशी पार्टी दिली होती, त्यात प्रत्येक पदार्थ एकेका बोलपटावरून केला होता, असं त्यांनी ऐकलं होतं. मामलेदारसाहेब येणार होते, रानाचे मालक येणार होते, बाजारातले मारवाडी शेठ येणार होते. एकंदर वीस-बावीस पानं.

"सुरतेहून आचारी आणावा म्हणतो," मालक मला म्हणाले. "तू तिथंच असतोस. कुणी माहितीतला आहे का?"

मला कुणी माहीत नव्हतं. मी मायकडे पाहिलं. ती चुलीत लाकूड सारत होती आणि आपल्याला ऐकूच येत नाही असं दाखवत होती.

इथं मायच्या कामाबद्दल सांगायला हवं. लग्नसराईत मांडे करायला तिला पाच-सहा गावांतून बोलावणं यायचं. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर सोडायची. असा हात आमच्या भागात दोघी-तिघींचाच होता. पण मांडे करणारी बाई बसते मागच्या अंगणात. पंगतीत काय झालं, कोण काय म्हणालं, हे तिला वाढपी येऊन सांगतील तेवढंच कळतं. कामाचं नाव घरातल्या मोठ्या बाईचं होतं किंवा आचाऱ्याचं. माय वीस वर्षं पंगतीच्या मागं होती. अख्खी पंगत तिच्या हाती कुणी कधी दिली नव्हती, आणि तिच्या मनात ती होती. हे ती बोलत नसे. पण कुठल्या लग्नात वरण पातळ झालं, कुठं भात आधी संपला, हे ती घरी येऊन ज्या तऱ्हेनं सांगायची त्यावरून मला कळायचं.

"आचारी कशाला? माय करील," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आणि बोलपटांवरूनच करील. तुमचे सगळे खेळ तिनं पाहिलेत. आचाऱ्यानं पाहिलेत का?"

मालक हसले. मग हसायचे थांबले. "बिघडलं तर मामलेदारांसमोर माझी शोभा होईल बरं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचा परवाना त्यांच्याच हातात आहे."

"नाही बिघडणार."

मालक गेल्यावर माय म्हणाली, "कॉलेजमा जाईसन जीभ कितली लांब व्हयनी रे तुन्ही! खापर धर म्हन, मी धरसू. पंगत कशी वाढतस ते मी कव्हय दखं?"

"पडद्यावर दखं ना. तीन साल दखी ऱ्हायनी तू."

त्या रात्रीच्या भाकऱ्या तिनं नेहमीपेक्षा भराभर उरकल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन चुलीपाशी बसू लागलो. त्या हंगामात पाच खेळ लागले होते. एक वनवासाचा, एक संताचा, एक मारामारीचा, एक शहरातल्या बाईच्या दुःखाचा, आणि एक राजवाड्याचा. मला वाटलं होतं मी सुचवीन आणि ती करील. झालं उलट. मी खेळाचं नाव घ्यायचो आणि ती आधीच ठरवलेलं असल्यासारखी बोलायची.

"वनवासले डोंगरवरनं पायजे," ती म्हणाली. "करवंदं, चारोळी. मध."

मध शेठना चालत नाही, हे तिला शेठच्या घरून कळलं होतं. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काहीच नाही, आणि दिवस मावळल्यावर तर काहीच नाही.

"ऋषी तर कंद खातात," मी म्हणालो.

"ऋषी खाईना का! शेठ खास नही ना? कंद काढ." मग जरा विचार करून म्हणाली, "मध येगळा ठेव. जेले चालस तेले."

तोरणमाळच्या डोंगरातली एक पावरा आदिवासी बाई आठवड्याच्या बाजाराला चारोळी घेऊन यायची. तिला मायनं खुणेनं आणि चार शब्दांनी काय सांगितलं कोण जाणे, तिनं पळसाच्या पानात बांधून दोन शेर करवंदं आणि इतकी स्वच्छ चारोळी आणली की मला वाटलं ती आधी पाखडून, मग पुन्हा एकेक दाणा निवडून आणली असावी.

संताच्या खेळाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर आणि लोणी, याबद्दल आम्हा दोघांचं लगेच जमलं. मारामारीच्या खेळाला काय?

"मिरचीनी भाजी," ती म्हणाली. "खाईसन डोयाले पानी उनं पायजे. आनि मागून लगेच दही. इतला मारतस, मंग कोनी तरी पट्टी बांधाले पायजे ना?"

दुःखाच्या खेळापाशी आम्ही अडलो. त्यातली बाई पहिल्या रिळापासून रडते.

"त्या पिच्चरमा कोनीच जेवत नही," माय म्हणाली. "नुसता चहा पितस आनि रडतस."

"मग?"

"मंग चहा. आखरीले. रडानं ज्यानं त्यानं."

राजवाड्याच्या खेळात मात्र पंगत होती, आणि ती मायला पाठ होती. सोन्याची ताटं, पुढं समया, राजा मधोमध. मांडे आणि आमरस याच खेळाला द्यायचे, हे बोलायचीही गरज नव्हती. पण तिच्या मनात त्या पंगतीबद्दल एक राग होता.

"राजा कव्हयच पोटभर जेवत नही. घास लिधा का दूत येस, आनि हाऊ उठी जास. मांगे बायका इतलं रांधेल ऱ्हातीस त्यास्नं काय? आपली पंगतमा दूत येवाले नको."

तिला ती राजाची पंगत जशी होती तशी हवी होती. केळीची पानं रानाचे मालक आपल्या मळ्यातून देणार होते. पाहुणे बसायच्या आधी पानं राजाच्या ताटासारखी वाढून तयार ठेवायची, मग एकेक खेळ यायचा. मी विचारलं, राजाच्या ताटात काय कुठं असतं? तिनं डोळे मिटले. चुलीपुढच्या राखेत बोटानं एक पान काढलं आणि सांगू लागली. मीठ वर, मधोमध. चटणी, लिंबू, कोशिंबीर उजव्या अंगाला. भाज्या डाव्या अंगाला. मी ते पट्टी धरून वहीत काढलं.

आज कुणाला वाटेल, एवढं साधं कसं कळलं नाही? आमच्या घरात एका हातावर भाकरी आणि तिच्यावर जे असेल ते. गावच्या पंगतीत वरण-बट्टी, पत्रावळीच्या मधोमध. पानाला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते, आणि त्यांचे कायदे असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. वसतिगृहात ताट समोर यायचं, मी मान खाली घालून जेवून उठायचो. मायला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तिनं पंगत पाहिली होती ती फक्त पडद्यावर. तिनं जे पाहिलं ते खरं सांगितलं. उलटी अक्षरं वाचता येतात म्हणून मिरवणारा मी होतो. मी ते जसंच्या तसं उतरून घेतलं.

त्यावरून मी पंचवीस कागद तयार केले, जांभळ्या पेन्सिलीनं, तंबूच्या जाहिरातीसारखे. वर 'आज! आज! आज!' खाली पाच खेळ आणि त्यांचे पदार्थ. तंबूत एकच मशीन असल्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं लावेपर्यंत खेळ थांबायचा, लोक विड्या ओढायचे. तसं दोन पदार्थांच्या मध्ये मी 'रीळ बदलते, ताक घ्यावे' असं लिहिलं. ही कल्पना मायची. शेवटी वाढप्यांसाठी पानाचा नकाशा. तंबूतलेच चौघे वाढणार होते, आणि त्यांनी नकाशा इतका नीट पाठ केला की एकाही पानात बोटभर फरक पडला नाही.

शेठ दिवस मावळायच्या आत जेवणार म्हणून पंगत पाच वाजता ठेवली. तंबूच्या आतल्या खुर्च्या आणि बाकं बाजूला करून दोन रांगा समोरासमोर मांडल्या, पाट ठेवले, पुढं केळीची पानं. मागं माय खापरावर बसली होती. आमरस केव्हाच काढून ओल्या फडक्याखाली ठेवला होता. मी कनातीच्या फटीतून इकडे-तिकडे करत होतो. मालक दारावर पाहुण्यांची वाट बघत होते, पानांकडे त्यांनी पाहिलं नव्हतं.

शेठ घरचं उकळलेलं पाणी तांब्यातून घेऊन आले. रानाचे मालक, पांढऱ्या मिशांचे गुजर आजोबा, आपल्या मळ्यातली पानं बघून म्हणाले, "पानं तर मन्ही शेतस, आते पोट मन्हं कसं व्हस ते दखू." मामलेदारसाहेब देशावरचे, नवीनच बदलून आलेले. त्यांनी पंगतीत बसायला आढेवेढे घेतले नाहीत, तेवढ्यानंच मालक हरखून गेले होते. त्यांना मधोमध बसवलं. मालकांनी माझा कागद मोठ्यानं वाचला, 'आज! आज! आज!'ला सगळे हसले, आणि मला वाटलं, झालं, जिंकलं.

मामलेदारांनी पाण्याचा हात पानाभोवती फिरवायला पुढे केला आणि तो तसाच राहिला. ते पानाकडे बघत होते. मग शेजारच्या पानाकडे बघितलं, मग समोरच्या.

"पानं कुणी वाढली?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, हळूच. "ही उलटी वाढलेली आहेत. आमच्याकडे असं पान पितरांना वाढतात."

कुणी तरी हात मागं घेतला. मालकांचा चेहरा पाहवेना. ते पटकन म्हणाले, "साहेब, चुकलं. पानं उचलतो, दुसरी मांडतो. मी म्हणत होतो सुरतेहून आचारी आणावा..."

मला त्या क्षणी सगळं दिसलं. राखेत काढलेलं पान, डोळे मिटलेली माय, डाव्या हातानं जेवणारा राजा. मागं खापरावर पोळी पडल्याचा चर्र असा आवाज आला. तिला अजून काही माहीत नव्हतं. पानं उचलली असती तर तिची पहिली पंगत तिथंच उठली असती. घासाआधीच दूत आला होता.

वर्गात प्रोफेसरांनी काही विचारलं तर उत्तर येत असूनही मी उठत नसे. त्या दिवशी कसा बोललो ठाऊक नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "नकाशा मी काढला. आम्ही... माय आणि मी, आम्ही सगळे खेळ पडद्याच्या मागून पाहिले. तिकडून उजवं डावीकडे दिसतं. राजाची पंगत आम्ही मागून पाहिली आणि पानं तशीच वाढली. मला ते कळायला हवं होतं. तिनं जे पाहिलं ते बरोबर सांगितलं."

पहिला हसला तो ऑपरेटर. तो वाढायला उभा होता, हातातलं ताकाचं भांडं खाली ठेवून तो पोट धरून हसला. "पडद्यामागनं! म्हणजे तीन वर्षं माझा सगळा खेळ यांनी उलटा पाहिला!" आजोबांना जरा वेळानं उमगलं आणि मग तेही मिशीत हसू लागले. पण मामलेदार अजून पानाकडे बघत होते, आणि हसल्यानं पान सुलटं होत नाही.

गलका ऐकून माय फटीतून पुढं आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं ती मागं वळेल. ती पानांकडे बघत राहिली. ती मन लावून हिशेब करते तेव्हा तिचे ओठ हलतात, तसे ते हलत होते.

"साहेब," ती म्हणाली, "पानं हालाडू नका. पान ऱ्हाऊ द्या तठेच. तुम्हीन उठा, पाट उचला, आनि त्या अंगे बठा."

कुणालाच कळलं नाही. आजोबांना कळलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, आपला पाट उचलला, पान ओलांडायचं नाही म्हणून रांगेच्या टोकाकडून वळसा घालून आले आणि पानाच्या पलीकडच्या बाजूला बसले. खाली बघितलं. "अरे! शाक उजवाकडे उनं! चटनी डावीकडे!"

मग सगळेच उठले. वीस-बावीस थोर माणसं हातात पाट घेऊन रांगेच्या टोकांना वळसे घालत होती. वाढप्यांसाठी ठेवलेल्या मधल्या वाटेत दोन्ही रांगा आल्या आणि पाठीला पाठ लावून बसल्या. आजोबांच्या पाठीला शेठ आले.

"शेठ, इतला वरीस दुकानमा तुन्हं तोंड दखं," आजोबा मान न वळवता म्हणाले, "आज पाठबी दखी लिधी."

"पाठ बरी, बापू. भाव तरी विचारत नाही," शेठ म्हणाले.

मामलेदार शेवटी बसले. त्यांनी पान नीट पाहिलं. आता एकच गोष्ट वेगळी राहिली होती. वरचं मीठ त्यांच्या अगदी पोटाशी आलं होतं. त्यांनी बोटानं ते दाखवलं.

"ते जवळच बरं, साहेब," माय म्हणाली. "मन्हा हातनं कमी पडनं तर लांब हात कराले नको."

मामलेदार मोठ्यानं हसले आणि त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. वाढपी आता बाहेरच्या बाजूनं वाढत होते. करवंदांनी सगळ्यांचे ओठ लाल झाले. मिरचीच्या भाजीनं दोन-तीन जणांच्या डोळ्यांतून खरोखर पाणी काढलं, आणि दही येईपर्यंत ऑपरेटर "रीळ बदलतंय, रीळ बदलतंय!" म्हणून ओरडत होता. शेठनी वनवास दोनदा मागून घेतला. मग मांडे आले. मामलेदारांनी मांडा उचलून उजेडाकडे धरला. त्यातून पलीकडचा माणूस दिसत होता. त्यांनी तिसरा मांडा मागितला. एकही पाहुणा मधून उठला नाही. मी मागं जाऊन मायला सांगत होतो, आता साहेबांनी रस मागितला, आता आजोबांनी भाकर मागितली, आणि ती खापरावरून नजर न काढता "हां, हां" करत होती. पोळी हातावर नाचवताना तिचा वेग वाढला होता.

रडायच्या खेळाचा चहा आला तेव्हा दिवस मावळायला थोडाच अवकाश होता. शेठनी घाईनं बशीत ओतून पिऊन टाकला आणि तोंड धुतलं.

आजोबा जाताना मागं आले. चुलीपाशी उभे राहून मायला म्हणाले, "पुढला साल नातनं लगीन शे. खापरवर दुसरी कोनी बठाड. तू पंगत दख."

माय म्हणाली, "मांडा मन्हा हातनाच लागतीन, बापू."

"मंग दोन्ही कर. तुन्हं तू जान."

एवढंच बोलणं झालं. आजोबा वळले आणि मी मायकडे पाहिलं. ती खापरावरचं पीठ फडक्यानं पुसत होती. ते पीठ केव्हाच पुसून झालं होतं.

अंधार पडल्यावर खेळ होता, राजवाड्याचाच. बाकं पुन्हा मांडली गेली, मामलेदारही खेळाला थांबले. मालकांनी पुढच्या रांगेतली एक खुर्ची उचलून मधोमध ठेवली आणि मायला म्हणाले, "आज तुम्ही इथं." ती नको नको म्हणाली. पाहुण्यांच्या रांगेत कसं बसायचं, हात राखेचे आहेत, भांडी उघडी आहेत, कुत्रं येईल. भांड्यांपाशी मी बसतो, मी म्हणालो. तिनं हात धुतले, पदर नीट केला आणि कनातीची फट ओलांडून गेली.

मी चुलीपाशी बसलो. खापर निवत होतं. पडद्यावर पाणी मारलं गेलं, इंजिन धडधडू लागलं आणि उलटी अक्षरं आली. मी ती सवयीनं वाचली. तिसऱ्या की चौथ्या रिळात राजाची पंगत आली. समया, सोन्याची ताटं. माझ्या बाजूनं राजा डाव्या हातानं घास घेत होता.

पडद्याच्या त्या बाजूनं मायचा आवाज आला. तिला वाटलं असावं की भोंग्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही.

"जेवता हातना, उजवा हातनाच शे हाऊ! आनि चटनी डावीकडे!"

तंबूभर हशा झाला. तेवढ्यात घोड्याच्या टापा वाजल्या, दूत आत आला आणि राजा ताटावरून उठू लागला.

"बठ रे भाऊ," माय म्हणाली, "आधी जेवी ले!"

या वेळी सर्वांत आधी हसले ते मामलेदार. मी भांड्यांवर फडकं सारखं केलं आणि ऐकत राहिलो.